फुप्फुसाचा व्रण आणि पेशींचे निरोप
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



कोरडा खोकला येणारा, चार पावलांत धापा टाकणारा माणूस दिसला की त्याला क्षय असेल, नाहीतर दमा, असे आपण ठरवून मोकळे होतो. परंतु तिसराही एक रोग आहे. त्यात फुप्फुस आतून घट्ट होत जाते. डॉक्टर त्यास फायब्रोसिस म्हणतात. आपल्या देशात असे कितीतरी रुग्ण आधी क्षयाच्या गोळ्या खातात आणि तेवढ्या अवधीत व्रण वाढत राहतो.

हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त फुप्फुसांतून डावीकडे जाते, हे हकीम इब्न अल-नफीस यांनी तेराव्या शतकातच लिहून ठेवले. फुप्फुसात हवा आणि रक्त यांच्यामध्ये केसाहून कितीतरी पातळ पडदा असतो. तो जाड झाला की प्राणवायू रक्तात पुरेसा उतरत नाही.

तो जाड का होतो? हाताला विळा लागला तर जखम भरते व व्रण राहतो. फुप्फुसातही तसेच घडते. दुखावलेल्या पेशी इतर पेशींना निरोप धाडतात. या निरोप्यांत टीजीएफ-बीटा हे प्रथिन प्रमुख होय. ते एका वेष्टनात निपचित पडून असते. पेशीने वेष्टन ओढून उघडले की जागे होते. मग फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी रूप पालटतात, स्नायूप्रमाणे आकसतात आणि कोलॅजेनचे धागे विणू लागतात. जखम भरल्यावर त्यांनी थांबावयाचे असते. या रोगात त्या थांबत नाहीत. एवढेच नव्हे, तर घट्ट झालेला भागच त्यांना आणखी विणण्याचा इशारा देतो. माझ्या मते या रोगाची खरी मेख येथेच आहे.

ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेने पिरफेनिडोन व निन्टेडॅनिब या दोन औषधांना मान्यता दिली. पहिले टीजीएफ-बीटाचा जोर कमी करते, दुसरे पेशीवरची निरोप घेणारी दारे अडवते. रोगाची चाल त्यांनी मंदावते, पण झालेला व्रण पुसला जात नाही. म्हणून कारण शोधणे अगत्याचे.

भारतातील २७ केंद्रांतील १,०८४ रुग्णांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. फुप्फुसाचा पडदा बिघडवणाऱ्या निरनिराळ्या रोगांचे हे रुग्ण होते. त्यांपैकी ४७ टक्क्यांना श्वासावाटे गेलेली बुरशी, पक्ष्यांच्या विष्ठेची धूळ अशा पदार्थांच्या वावड्यामुळे रोग जडलेला आढळला, आणि या गटातील जवळजवळ निम्म्या लोकांचा कूलरशी संबंध होता! प्रत्येक कूलर रोग देतो असे यावरून ठरत नाही. तथापि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कूलर ही चैन राहिलेली नाही, आणि त्याचे ओले, कुजके गवत बुरशीला फार मानवते. दिवसभर त्याच्यासमोर बसणाऱ्या घरातल्या बायका व म्हातारी माणसे असतात. कबुतरांचा प्रश्न मुंबईत २०२५ साली कोर्टापर्यंत गेला. आपल्याकडे भिजून बुरसलेला कडबाही आहेच.

कूलरची टाकी वरचेवर रिकामी करून घासावी, वाळवावी; गवत दर उन्हाळ्यात नवे घालावे. खोकला दोन आठवडे टिकला तर थुंकी जरूर तपासावी, कारण क्षयही आपल्याकडे आहे. क्षय नाही असे ठरले आणि तरी दम लागत असेल, तर छातीचा सीटी स्कॅन करण्याविषयी छातीच्या डॉक्टरांना विचारावे, आणि त्यांनी विचारले नाही तरी घरातील कूलर, कबुतरे, कडबा यांची हकीकत आपणहून सांगावी.