हाताचे वळण
(सुवर्णमहोत्सव समारंभातील भाषण)



वीस वर्षे मी मुलांचे कित्ते तपासत आलो आहे. नवशिक्या मुलाची रेघ जागोजागी थबकते, थरथरते; वळण बसलेल्या मुलाची एका दमात उतरते. आज मी अशाच एका हाताविषयी बोलणार आहे. मात्र त्याच्यापुढे कागद नसतो, माणसाचा देह असतो.

शस्त्रवैद्याचा हात तयार झाला की नाही, हे गुरूने सांगावे व इतरांनी मानावे, अशी जुनी रीत. सुश्रुताने शिष्यांना आधी कोहळा, भोपळा अशा फळांवर छेद घ्यायला लावले. पण निवाडा गुरूच्या नजरेवरच राहिला. नजर पारखी असली तरी तीत कधी मर्जी मिसळते, हे आम्हां मास्तरांस कोणी सांगायला नको!

आता हा हात मोजता येतो. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात शस्त्रवैद्यांच्या हातांवर लहानशी उपकरणे लावून हालचाली किती झाल्या, हात किती अंतर फिरला, वेळ किती लागला, हे नोंदले गेले. अनुभवी हाताच्या हालचाली कमी भरल्या.

दुसरे माप सफाईचे. कसलेला चालक बस थांबवतो तेव्हा उभ्या उतारूला दांडी घट्ट धरावी लागत नाही. कच्च्याच्या हाती हिसका बसतो. वेग बदलतो ते त्वरण, आणि त्वरणच एकाएकी बदलले की हिसका. तामार फ्लॅश व नेव्हिल होगन यांनी 1985 साली दाखविले की, माणूस सहज हात पुढे करतो तेव्हा हिसका कमीत कमी राहील असाच तो चालतो. त्याच्या वेगाचा आलेख काढला तर एकच टेकडी दिसते. नवशिक्याच्या आलेखात अनेक उंचवटे येतात: चिमटा पुढे जातो, अडतो, पुन्हा सावरतो.

याने रोग्याचे काय बिघडते, असे कोणी विचारील. अमेरिकेतील मिशिगन राज्यात स्थूलपणावर शस्त्रक्रिया करणाऱ्या 20 शस्त्रवैद्यांच्या चित्रफिती त्यांच्याच व्यवसायबंधूंनी नावे न कळता पाहिल्या व हस्तकौशल्यास गुण दिले. ते निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले. सर्वांत वरच्या चौथाईतील शस्त्रवैद्यांच्या शंभरांपैकी सुमारे 5 रोग्यांना पुढे उपद्रव झाला. सर्वांत खालच्या चौथाईत सुमारे 14 ते 15 जणांना.

अर्थात मापाला मर्यादा आहे. सफाईचा हात चुकीच्या जागीही सफाईनेच चालेल. शस्त्र कधी उचलू नये, हे कोणताही आलेख सांगत नाही; तेथे विवेकच हवा.

तरीही मला या मापाचे मोल वाटते. ज्या मुलामागे वडिलांचे नाव नाही, ज्या मुलीसाठी कोणी शिफारस करीत नाही, तिचा हात तिच्या बाजूने साक्ष देऊ शकेल. आणि कच्च्या हाताला आपला कच्चेपणा रोग्याच्या देहावर नव्हे, सरावाच्या मेजावरच कळेल. कित्ता आधी गिरवावा, मगच वहीत लिहावे, हा आपल्या शाळेचाच नियम नव्हे काय?