'नुसते ओठ हलव' म्हणण्यापूर्वी

(मंडळाच्या बाल व युवा संगीतवर्गाच्या पालक मेळाव्यात, बंगळूर येथे दिलेले भाषण)



गणेशोत्सवाच्या समूहगानाच्या तालमी सुरू झाल्या की एखाद्या मुलाला हमखास सांगितले जाते, "तू मागच्या रांगेत उभा राहा, नुसते ओठ हलव." सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. कार्यक्रम नीट व्हावा, एवढेच. पण चाळिशीत 'आम्हाला गाण्यातले काही कळत नाही बुवा' म्हणणाऱ्यांना जरा खोदून विचारा. बऱ्याच जणांना लहानपणी हेच वाक्य ऐकवलेले असते.

म्हणून आज रागांविषयी न बोलता खेळांविषयी बोलतो. दहा ते सोळा वयाच्या मुलांच्या वर्गात पहिली पंधरा मिनिटे खेळाला द्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. 'फी गाण्याची भरली आहे, खेळाची नव्हे' असे एका पालकांनी मला सुनावले होते. हे भाषण विशेषतः त्यांच्यासाठी!

आपली मुले वेगवेगळ्या शाळांतून येतात, आठवड्यातून एकदाच भेटतात. कुणाचे मराठी घरापुरते, कुणाचे तेवढेही नाही. पहिल्याच दिवशी अशा मुलाला सगळ्यांदेखत 'सा' लावायला सांगितले तर ते मान खाली घालते. म्हणून सुरुवात तालापासून करावी. ताल चुकला तर हसू येते, सूर चुकला तर लाज वाटते.

पहिला खेळ नावांचा. गोल करून बसायचे आणि केरव्याच्या आठ मात्रा मांडीवर धरायच्या. चार मात्रांत एकाने आपले नाव म्हणायचे, पुढच्या चारांत सर्वांनी ते परत म्हणायचे. चार अक्षरी नाव सहज बसते. दोन अक्षरी नावाला ते लांबवावे लागते किंवा मध्ये जागा सोडावी लागते, आणि तिथेच मुलांना न शिकवता मात्रा कळते. दोन फेऱ्यांत सगळ्यांची नावे पाठ होतात, हा वरचा फायदा.

दुसरा खेळ खालीचा. त्रितालाच्या सोळा मात्रा मोठ्याने मोजायच्या, एक, पाच आणि तेरावर टाळी द्यायची आणि नववर हात नुसता बाजूला न्यायचा. लय वाढली की कोणीतरी नववर टाळी वाजवतोच. अशा खेळात आपण चुकणाऱ्याला बाद करतो. मला ते पटत नाही. ज्याला सरावाची गरज सर्वांत जास्त, तोच मग सर्वांत जास्त वेळ भिंतीला टेकून बसतो. माझ्या वर्गात खालीवर टाळी वाजवणारा गोलाच्या मध्ये येतो आणि पुढचे आवर्तन सर्वांसाठी तो मोजतो. संगीत खुर्चीचे नियम संगीताच्या वर्गात नकोत.

मुले मोकळी झाली की मग सूर. तानपुरा लावायचा (इलेक्ट्रॉनिक तानपुरा घडला तोही आपल्या याच बंगळुरात, हे मुलांना जरूर सांगा) आणि सर्वांनी मिळून 'सा' धरायचा. अट एकच, आवाज तुटता कामा नये. म्हणजे शेजारी श्वास घेतो तेव्हा आपण गायचे. ऐकल्याशिवाय हे जमतच नाही. बेसूर मुलाला इथे कोणी वेगळे काढत नाही. आजूबाजूचा सूर कानावर पडत राहतो आणि हळूहळू तो त्याच्याकडे सरकतो. दोन शनिवारांत होईल असे समजू नका, वेळ लागतो.

गाण्याच्या भेंड्या आपल्या हक्काच्या. पण इथे वाढलेल्या मुलांना मराठी गाणी मोजकीच येतात. शेवटच्या अक्षराचा नियम लावला की खेळ आईवडीलच खेळतात. त्याऐवजी तालाच्या भेंड्या खेळा. दादऱ्याचा ठेका धरायचा आणि त्यात बसणारे कोणतेही गाणे, कोणत्याही भाषेतले, म्हणायचे. कन्नड मित्रमैत्रिणीही मग आनंदाने येतात. एकदा रूपकावरून छान वाद झाला. आमची मुले म्हणाली सात मात्रा, कर्नाटक संगीत शिकणारी मुलगी म्हणाली सहा. दोघेही बरोबर होते! नाव एकच, ताल दोन. तासभर मुले हाताने मोजून एकमेकांना पटवत होती. त्या दिवशी गाणे शिकवायचे राहून गेले. राहू दे.

तेरा-चौदाच्या मुलग्यांविषयी मात्र थोडे गंभीरपणे सांगायचे आहे. स्वरयंत्र वाढते, आवाज फुटतो, साधारण सप्तकभर खाली उतरतो. हे काही महिने चालते. वर्गाचा 'सा' काळी चारला असेल तर तो बिचारा ना वर पोहोचतो ना खाली टिकतो. याच वयात मुलगे वर्ग सोडतात आणि आपण म्हणतो, अभ्यास वाढला. त्याला ओरडून गायला लावू नका. खेळात ठेका त्याच्याकडे द्या, खालचा 'सा' धरायला द्या, आरतीत झांज द्या. आवाज बसेपर्यंत तो वर्गात टिकला पाहिजे.

यंदाच्या समूहगानात मागची रांग ठेवणार नाही, सगळे अर्धगोलात उभे राहतील. एखादा सूर इकडेतिकडे झाला तर श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

पुढच्या शनिवारी पालकांनीही गोलात बसायला यावे, ही विनंती. मोबाईल बंद ठेवावेत. आणि नवव्या मात्रेला टाळी वाजली तर वयाची सवलत मिळणार नाही, मध्ये येऊन मोजावे लागेल.