पाऱ्याला गंधकाचे बंधन



खलात पारा आणि गंधक एकत्र घोटले म्हणजे काळीभोर कज्जली तयार होते, हे आपल्या वैद्यांना शतकानुशतके ठाऊक आहे. चंचल पारा गंधकाशी संयोग पावून स्थिर होतो. कारखान्यांच्या वायूंतून पारा वेगळा करण्याचे एक आधुनिक तंत्र याच गुणधर्मावर उभे आहे.

बुलढाणा जिल्ह्याला हा विषय दूरचा नाही. शेगावहून अकोल्याकडे जाताना लागणाऱ्या पारस येथे औष्णिक वीज केंद्राचे प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. दगडी कोळशात पाऱ्याचा अत्यल्प अंश असतो. भट्टीत त्याची वाफ होते आणि राख अडविणाऱ्या यंत्रणेतून ती बऱ्याच अंशी निसटू शकते. हवेतला पारा कालांतराने पाण्यात उतरतो, मासळीत साठतो आणि मातेच्या आहारातून गर्भाच्या मेंदूला इजा करू शकतो. जपानमधील मिनामाता येथे सांडपाण्यातील पाऱ्याने केलेला असा अनर्थ १९५६ मध्ये उघडकीस आला. भारतात २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेने २००३ नंतरच्या औष्णिक संचांसाठी दर घनमीटर वायूमागे ०.०३ मिलिग्रॅम पारा ही मर्यादा घातली.

सक्रिय कोळसा कमालीचा सच्छिद्र असतो. त्याच्या एका ग्रॅमचे अंतर्गत पृष्ठफळ ५०० चौरस मीटरहून अधिक भरते. तथापि, साध्या कोळशाची पाऱ्यावरील पकड सैल असते व उष्णतेने ती सुटते. त्यात गंधक मुरविल्यास पाऱ्याचे सल्फाइड बनते आणि पारा जखडला जातो. वीज केंद्रांच्या उष्ण वायूत ब्रोमीनचा संस्कार केलेली कोळशाची भुकटी फवारतात.

बुलढाणा हा कापसाचा जिल्हा. वेचणीनंतर उरणारी पऱ्हाटी बहुधा चुलीत किंवा शेतातच जळते. पऱ्हाटीपासूनही सक्रिय कोळसा करता येतो, हे प्रयोगांनी दाखविले आहे. असा उद्योग उभा राहिल्यास टाकाऊ काडीला मोल येईल.

मात्र एक दक्षता अनिवार्य आहे. कोळशात अडकलेला पारा नष्ट होत नाही. तो केवळ जागा बदलतो. वापरलेला कोळसा वीटभट्टीत गेला, तर सारा पारा पुन्हा हवेत जाईल. म्हणून तो बुटीबोरीसारख्या घातक कचरा केंद्राकडेच पोहोचला पाहिजे. पाऱ्याला बांधणे हे अर्धे काम. त्याला बांधलेलेच ठेवणे, हे उरलेले अर्धे.