मुकुट, सेवा आणि वेठ



कार्यक्रमपत्रिकेत आमचे नाव आणि त्याखाली हा विषय पाहून आपल्यापैकी काहींना छापखान्याचा घोटाळा वाटला असेल. आमचे आयुष्य गेले बोनस, ग्रॅच्युइटी, बदली कामगार आणि फाटकावरच्या सभा यांत. शाळेशी संबंध सातवीला सुटला; पुढे जे वाचन झाले ते युनियनच्या कपाटातल्या पुस्तकांवर, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात. अशा माणसाने सौंदर्यस्पर्धेत मुकुट मिळवणाऱ्या मुलींवर बोलावे, हे चमत्कारिक खरे. परंतु त्यांच्या रूपाविषयी आम्ही काही बोलणार नाही. तो आमचा प्रांत नव्हे. मुकुट मिळाल्यावर वर्षभर या मुली इस्पितळांत, अनाथाश्रमांत, रक्तदान शिबिरांत आणि निधीच्या जलशांत हिंडतात. त्याला समाजसेवा म्हणतात. आम्ही त्याला काम म्हणतो. आणि काम दिसले की ते सांगतो कोण, करतो कोण, त्याचे फळ कोणाच्या पदरात पडते आणि करणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येते काय, हे विचारण्याची आम्हांला जुनी खोड आहे.

या प्रथेचा जन्मच मुळी धंद्याच्या पोटी झाला. अमेरिकेत अटलांटिक सिटी नावाचे समुद्रकाठचे हवा खाण्याचे गाव आहे. तेथे सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारी, म्हणजे त्यांच्या कामगार दिनाची सुट्टी संपली, की पाहुणे घरोघर परतत आणि हॉटेले ओस पडत. ती आणखी काही दिवस भरलेली राहावीत म्हणून तेथल्या व्यापाऱ्यांनी १९२१ साली जो उत्सव योजला, त्यातूनच ‘मिस अमेरिका’ निघाली. कामगार दिनाची गर्दी लांबवण्यासाठी मुलींची रांग! आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा हसू आले, मग हसू ओसरले.

पण केवळ हॉटेलवाल्यांनीच मुकुट वाटले असे मात्र नाही. इंग्लंडात १९२५ ते १९७५ अशी पन्नास वर्षे ‘रेल्वे क्वीन’ निवडली जात होती, आणि ती रेल्वे कामगाराचीच मुलगी असावी लागे. १९३५ साली ब्लॅकपूलच्या प्रसिद्ध दीपोत्सवाची कळ दाबण्याचा मान अशाच एका रेल्वे कामगाराच्या पोरीला मिळाला. त्याहून आपल्या जवळची गोष्ट ‘कॉटन क्वीन’ची. १९३० साली मँचेस्टरच्या ‘डेली डिस्पॅच’ या वर्तमानपत्राने ती स्पर्धा सुरू केली. लँकेशायरच्या गिरण्यांना तेव्हा उतरती कळा लागली होती, आणि त्या मंदीला आपल्याकडचा परदेशी कापडावरचा बहिष्कार व आपल्या गिरण्यांची चढाओढ ही काही अंशी कारण होती. १९३१ साली गांधीजी लँकेशायरला गेले आणि डार्विन गावी तेथल्या गिरणी कामगारांना भेटले, हे आपणांस ठाऊक आहे. त्याच दिवसांत, त्याच मुलखात, मागावर उभी राहणारी एखादी मुलगी डोक्यावर मुकुट घालून सुती कापडाचा प्रचार करीत गावोगाव हिंडत होती. तिच्या सख्या मात्र अर्ध्या वेळेच्या कामावर, नाहीतर बेकार. ती जो हात हलवी तो कापडासाठी. सख्यांच्या पगाराविषयी बोलायला तिला कोणी मुकुट दिला नव्हता. पोर चांगलीच असणार. पण तिच्या तोंडून बोलत होते दुसरेच कोणी.

येथे आम्हांला एक जुना मराठी शब्द आठवतो: वेठ. गावगाड्यात हुकूम आला की जायचे, ओझे उचलायचे, मोबदल्याचे नाव काढायचे नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक आणले ते याच जाचाविरुद्ध. आणि घटनेच्या २३व्या कलमाने वेठबिगारीला बंदी झाली. मुकुट घातलेल्या मुलीचे कष्ट आणि त्या माणसांचे हाल यांची बरोबरी आम्ही करीत नाही, तशी करणे हा त्या माणसांचा अपमान होईल. एवढेच म्हणतो, की सेवा आणि वेठ यांत अंगमेहनत सारखीच असू शकते. फरक असतो तो नकार देण्याच्या हक्काचा. ज्याला नकार देता येतो तोच सेवा करतो.

आता बेस मायरसनची हकीकत ऐका. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ज्यू कामगारांनी उभारलेल्या एका सहकारी वसाहतीत ही मुलगी वाढली. वसाहतीला थोर यिद्दिश लेखक शोलेम अलैखेम यांचे नाव. बाप घरांना रंग देणारा. मुलगी हंटर कॉलेजात संगीत शिकली. १९४५ साली मिस अमेरिका स्पर्धेने प्रथमच पाच हजार डॉलरांची शिष्यवृत्ती ठेवली होती. स्पर्धेच्या संचालिका लेनोरा स्लॉटर यांनी तिला सुचवले, की मायरसन हे आडनाव ज्यू वाटते, तेव्हा ‘बेथ मेरिक’ असे सुटसुटीत नाव घ्यावे. तिने नकार दिला. ८ सप्टेंबर १९४५ रोजी तिला मुकुट मिळाला. जपानच्या शरणागतीवर सह्या होऊन आठवडाही झाला नव्हता आणि युरोपातल्या छळछावण्यांची छायाचित्रे नुकतीच जगापुढे आली होती. मुकुट मिळवणारी ती पहिली ज्यू स्त्री.

पुढे काय व्हावे? एरवी मालाच्या जाहिरातीसाठी पुरस्कर्ते विजेतीच्या मागे लागत. हिला घ्यायला काहींनी सरळ टाळाटाळ केली. ‘आमच्याकडे ज्यूंना प्रवेश नाही’ असे दाखवून देणारी ठिकाणे तिच्या दौऱ्याच्या वाटेवर होती. जखमी सैनिकांच्या इस्पितळांत ती पियानो वाजवायला जाई, आणि जेथे जाई तेथे आपल्या जातीचा द्वेष बसायला खुर्ची घेऊन हजर, असा तिचा अनुभव. तेव्हा तिने तो ठरीव दौरा आटोपता घेतला आणि वंशद्वेषाशी झगडणाऱ्या ‘अँटि-डिफेमेशन लीग’च्या वतीने शाळाशाळांतून भाषणे द्यायला सुरुवात केली. सुंदर दिसणे आणि मनात द्वेष बाळगणे या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत, असे तिच्या सांगण्याचे सूत्र होते. मुकुट तोच, मुलगी तीच. पण जाण्याची ठिकाणे आणि बोलण्याचा मजकूर आता तिचा स्वतःचा. आमच्या मते तिची सेवा येथे सुरू झाली. १९६९ साली न्यूयॉर्कच्या महापौरांनी तिला शहराची पहिली ग्राहकहित आयुक्त नेमले, आणि भेसळ व फसव्या किमती करणाऱ्या दुकानदारांना ती चांगलीच भोवली. (पुढे म्हातारपणाच्या उंबरठ्यावर तिच्यावर खटला झाला आणि १९८८ साली ती निर्दोष सुटली, तो वेगळा विषय आहे.)

आपल्या घरचे उदाहरण घ्यायचे तर रीता फारियाचे. गोमंतकीय आईबापांची मुंबईत वाढलेली मुलगी, ग्रँट मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी. १९६६ साली लंडनला ती ‘मिस वर्ल्ड’ झाली. हा किताब मिळवणारी पहिली आशियाई स्त्री. त्याच वर्षी डिसेंबरात बॉब होप या विनोदी नटाच्या ताफ्याबरोबर ती व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांच्या मनोरंजनासाठी गेली, आणि त्यावर भारतात बरीच टीका झाली. टीका करणाऱ्यांना एक गोष्ट दिसली नाही, किंवा त्यांनी ती पाहिली नाही. विजेती त्या वर्षभर करारबद्ध असते. कोठे जायचे हे तेवीस वर्षांच्या मुलीने ठरवले नव्हते, आणि शिव्या मात्र तिने खाल्ल्या. ज्याच्या हाती करार त्याचे नाव कोणाच्या तोंडी आले नाही. आमच्या कारखान्यांतही हे नेहमीचेच: माल खराब निघाला की जाब द्यायचा मागावरच्या माणसाने. दोन वर्षांनी, सप्टेंबर १९६८ मध्ये, अटलांटिक सिटीत स्त्रियांनी मिस अमेरिकाविरुद्ध जी निदर्शने केली, त्यांत विजेतीला सैन्याच्या दौऱ्यांवर पाठवण्याचाही निषेध होता. म्हणजे तिकडच्या स्त्रियांनी बोट ठेवले ते मुलीला पाठवणाऱ्यावर.

रीताबाईंनी पुढे काय केले? वर्ष संपले, करार संपला. सिनेमा आणि जाहिराती यांना नमस्कार करून त्या लंडनच्या किंग्ज कॉलेज इस्पितळात वैद्यकीचे शिक्षण पुरे करायला गेल्या, आणि पुढे आयर्लंडात डॉक्टर म्हणून राहिल्या. त्यांची खरी रुग्णसेवा मुकुट उतरल्यावर झाली, आणि तिचे फोटो फारसे कोणी काढले नाहीत.

मुकुट डोक्यावर असताना खरे काम होतच नाही काय? होते. १९८७ साली केय लानी रे रॅफ्को ही मिशिगन राज्यातली परिचारिका मिस अमेरिका झाली. ती वर्षभर बोलली ती परिचारिकांच्या कामाविषयी आणि मरणाच्या दारातल्या रोग्यांच्या शुश्रूषेविषयी. जे हातांनी केले होते तेच तोंडाने सांगत होती. कोणी पढवलेले नव्हते. तिचा प्रभाव असा पडला, की लवकरच प्रत्येक स्पर्धक मुलीने एकेक सामाजिक कार्य निवडले पाहिजे असा तेथे नियम झाला. आणि नियम झाला की जे होते तेच झाले. एकीच्या ओठांवरचे आतड्याचे बोलणे पुढे शेकडो मुलींच्या अर्जातला रकाना बनले. ‘मिस वर्ल्ड’च्या चालकांनी तर १९७२ पासूनच सौंदर्याला सत्कार्याची जोड देण्याचा उपक्रम चालवला आहे. त्यातून मुलांसाठी पुष्कळ पैसा उभा राहिला, तो आम्ही नाकारीत नाही. आपल्याकडची मानुषी छिल्लर २०१७ साली निवडून आली ती मासिक पाळीतील स्वच्छतेचा विषय घेऊन. ज्या विषयावर घरात आईसुद्धा दबक्या आवाजात बोलते, तो तिच्यामुळे वर्तमानपत्रांत उघडपणे आला. हे थोडे नव्हे. तसेच हेही सांगितले पाहिजे, की २०२५ च्या मे महिन्यात हैदराबादेस ही जागतिक स्पर्धा भरली असता इंग्लंडची स्पर्धक ती अर्ध्यावर सोडून मायदेशी गेली. समुद्रकिनारी जीवरक्षकाचे काम केलेली मुलगी. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून प्राण कसे वाचवावेत हे शाळाशाळांतून शिकवावे, असा तिचा ध्यास. आपल्याला धनिक पुरस्कर्त्यांबरोबर मेजवानीला करमणुकीसाठी बसवले, असे तिने सांगितले. आयोजकांनी ते साफ नाकारले. आम्ही तेथे नव्हतो, तेव्हा निवाडा देत नाही. परंतु उठून जाण्याची सोय तिला होती आणि ती तिने वापरली, एवढ्याची नोंद करतो.

आता आपल्या गावाकडे या. अटलांटिक सिटी दूर आहे. पण फळवाटपाचा कार्यक्रम आपल्या प्रत्येक सरकारी इस्पितळात होतो, आणि कोणत्या ना कोणत्या सौंदर्यस्पर्धेचा किताब मिळालेली मुलगी आता जिल्ह्याजिल्ह्यात असते. आमच्या संघटनेत इस्पितळांतल्या आया, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार आहेत, म्हणून पाहुण्यांची भेट आम्हांला पाठीमागच्या दाराने दिसते. ज्या दिवशी पाहुणी यायची त्या दिवशी पहाटेपासून फरशी दोनदा पुसली जाते. कपाटातल्या नव्या चादरी निघतात, आणि संध्याकाळी परत कपाटात जातात. मधुमेहाच्या रोग्याच्या हातात केळे देऊन फोटो निघतो, आणि मग सिस्टर ते केळे काढून घेते. रोग्याला फोटो हवा की नको, हे कोणी विचारत नाही. अंगावर धड कपडा नसलेला माणूस उद्याच्या वर्तमानपत्रात छापला जातो.

एका इस्पितळात अशाच कार्यक्रमाला आमच्या बायका कामावर होत्या. आलेली मुलगी एकोणीस-वीस वर्षांची, अंगावर पट्टा, डोक्यावर तो चमकणारा मुकुट. दोन तास उभी होती. शेवटी जिन्याच्या कोपऱ्यात येऊन आमच्या एका आयेला हळूच म्हणाली, “मावशी, थोडं पाणी मिळेल का?” मावशींनी विचारले, “अगं पोरी, सकाळपासून काही खाल्लंस तरी का?” नव्हते खाल्ले. हा त्या दिवसाचा तिसरा कार्यक्रम. मानधन नाही, गाडीभाडे वडिलांचे, साडीचे आणि केशरचनेचे पैसे आईने उसने काढलेले. सर्वांना सांगितले होते, ही सेवा आहे. मावशींनी चहा-पाव दिला. खाताना मुलीने वॉर्डकडे पाहिले आणि विचारले, “इथे पिण्याच्या पाण्याचा नळ किती लांब आहे?” नळ खालच्या मजल्यावर होता, रोग्यांचे नातेवाईक बाटल्या घेऊन चढउतार करीत होते. मग भाषणात तिने, फळांबद्दल आयोजकांचे आभार मानल्यावर, या मजल्यावर पाण्याची सोय व्हावी असे दोन वाक्यांत सांगितले. आयोजकांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. पाण्याची सोय त्यानंतर पाच महिन्यांनी आणि आमच्या दोन मोर्च्यांनी झाली, तेव्हा तिच्या दोन वाक्यांनी झाली असे आम्ही म्हणणार नाही. पण मोर्चात आमच्या बायका त्या वाक्यांचा दाखला देत होत्या. त्या आयोजकांनी मात्र तिला पुन्हा बोलावले नाही.

समाजकार्याच्या क्षेत्रातली पुष्कळ भली माणसे या मुलींची टिंगल करतात. नटव्या पोरी, फोटोपुरत्या येतात, म्हणतात. आम्हांला ती टिंगल आवडत नाही. मुलीला फोटोपुरते बोलावतो कोण? वॉर्डात पंचवीस मिनिटे ठेवून फीत कापायला पुढच्या कार्यक्रमाला ओढून नेतो कोण? ज्याने तिला बाहुली केले त्याने तिला बाहुली म्हणून हिणवू नये. या सभेला येथल्या मंडळांचे आणि संस्थांचे बरेच चालक बसले आहेत, म्हणून सांगतो: तिला बोलावताना पत्र द्या. पत्रात वेळ लिहा, सुटण्याची वेळसुद्धा. भाडे आणि जेवण तुमचे. बरोबर घरचे माणूस येईल, त्याचेही. कार्यक्रमात पुरस्कर्ता कोण, जमणारा पैसा कोठे जाणार, हे तिला आधी कळवा आणि नंतर हिशेब दाखवा. रोग्याच्या परवानगीवाचून छायाचित्र नको. आणि पत्राच्या शेवटी लिहा, की आपणांस हे शक्य नसेल तर तसे कळवावे, आम्हांला राग नाही. हे शेवटचे वाक्य लिहिताना पुष्कळांचा हात अडखळतो, असा आमचा अनुभव आहे.

येत्या १ मे रोजी आमच्या संघटनेचे रक्तदान शिबिर आहे. उन्हाळ्यात कॉलेजे बंद पडतात, रक्तदाते गावोगाव पांगतात आणि रक्तपेढ्यांत खडखडाट होतो. म्हणून आम्ही हाच दिवस धरतो. जिल्ह्यातल्या दोन किताबधारक मुलींना आम्ही वर सांगितले तसे पत्र पाठवले. एकीने परीक्षा आहे म्हणून नकार कळवला. दुसरीने उलट विचारले आहे, की मुकुट घालून न येता सकाळी आठपासून दात्यांची नावे लिहून घेण्याच्या टेबलावर बसले तर चालेल काय. आमच्या कार्यकारिणीत यावर मतभेद आहेत. मुकुटाने गर्दी वाढते, असे काहींचे म्हणणे, आणि ते खोटेही नाही. सोमवारी बैठक आहे. शिबिर मात्र आठलाच सुरू होईल, आणि रक्त देणाऱ्याने उपाशीपोटी येऊ नये.