हिवाळ्याची सहल : एक मुक्काम, चार वाटा

दिवाळीचे फराळाचे डबे रिकामे होतात, शाळांची दुसरी सत्रे सुरू होतात, आणि शहरांतील घरोघरी नाताळच्या सुटीचा विषय निघू लागतो. हा विषय बहुधा जेवणाच्या वेळी निघतो आणि ताटे उचलली जाईपर्यंत तेथेच विरतो. मुलांना वाघ पाहावयाचा असतो, आजीला देवदर्शन हवे असते, गृहस्थांच्या मनात नकाशावरील अंतरे घोळत असतात; आणि गृहिणीला चार दिवस चुलीपासून सुटका हवी असते, परंतु हे ती बोलून दाखवीत नाही. या चार इच्छांची मोट बांधणे म्हणजेच सहलीचा बेत आखणे होय. वाहन आणि तिकिटे ही त्यानंतरची गोष्ट.

या बाबतीत युरोपातील उत्तरेकडच्या लोकांची रीत पाहण्याजोगी आहे. इंग्लंडात किंवा जर्मनीत डिसेंबर महिन्यात दुपारी चारच्या सुमारास दिवस मावळतो. त्या दिवसांत तेथील पुष्कळ कुटुंबे दक्षिण स्पेनची वाट धरतात, कारण मालागाच्या किनाऱ्यावर तेव्हाही कोवळे ऊन असते. ही मंडळी रोज नवे गाव गाठीत धावत नाहीत. एका गावी आठ-पंधरा दिवसांचे बिऱ्हाड करावयाचे. एखादे दिवशी ग्रानाडास जाऊन अलहंब्राचा राजवाडा पाहावयाचा, एखादे दिवशी कोर्दोबाची ती विशाल मशीद, जिच्या पोटातच पुढे ख्रिस्ती मंदिर उभारले गेले, ती पाहावयाची. हौस असल्यास जिब्राल्टरचा खडक. आणि रात्री आपल्या मुक्कामी परत. अलहंब्रात ठरावीक संख्येनेच प्रवेश मिळतो, म्हणून तेथील तिकीट तेवढे फार आधी काढून ठेवावयाचे. बाकीचे दिवस हवा आणि मन पाहून ठरवावयाचे. मराठी कुटुंबेही आता त्या देशी जातात. त्यांनाही हाच क्रम सोयीचा पडतो.

आपल्याकडील रीत मात्र नेमकी उलट. सहा दिवसांत नऊ गावे पाहिली, असे परत आल्यावर अभिमानाने सांगितले जाते. त्या सहा दिवसांत सामान किती वेळा बांधले आणि किती वेळा सोडले, याचा हिशेब फक्त गृहिणीजवळ असतो.

स्पेनची रीत आपल्या भूमीवर उतरवावयाची तर विदर्भाचा हिवाळा त्यास फार अनुकूल आहे. उत्तर युरोपातील माणूस थंडीपासून पळतो. विदर्भात जाणाऱ्याने उन्हाळा चुकवावयाचा असतो. मे महिन्यात तेथे पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. पावसाळ्यात काळ्या जमिनीचा चिखल पाय सोडीत नाही. कार्तिक ते माघ एवढाच काय तो मोकळा काळ. त्या काळात शेतांतून कापसाची वेचणी चाललेली असते, तुरी पिवळ्या फुलांवरून शेंगांवर आलेल्या असतात, बाजारात संत्री असतात, आणि पहाटे अंगावर घोंगडी घ्यावी लागते. पुण्यामुंबईच्या मुलांनी कापूस दुकानातील पुडक्यात पाहिलेला असतो. बोंडातून तो निघताना बोटांना काय लागते, हे त्यांना ठाऊक नसते.

मुक्कामासाठी यवतमाळ जिल्ह्यातील कळंब या तालुक्याच्या गावाचा विचार करावा. नागपूर, वर्धा, देवळी असा येणारा राजमार्ग कळंबवरून पुढे यवतमाळास जातो. वाटेत वर्धा नदी ओलांडावी लागते; पूर्वी ही नदी ओलांडली की मध्यप्रांत मागे राहून वऱ्हाड लागत असे. कळंबहून यवतमाळ सुमारे तेवीस किलोमीटर. आगगाडी मात्र या गावाला फार उशिरा दिसली. वर्धा, यवतमाळ, नांदेड या सुमारे २८४ किलोमीटर लांबीच्या नव्या लोहमार्गातील वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला; त्याची लांबी सुमारे एकोणचाळीस किलोमीटर आहे. त्यापूर्वी या भागात रेल्वे म्हटली की मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ आठवे. वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी इंग्रजी कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी तो मार्ग घातला होता. ती गाडी आता बंद आहे. वडील माणसे सोबत असतील तर तिच्या गोष्टी त्यांच्याकडूनच मुलांनी ऐकाव्या.

मुंबईहून येणाऱ्यांस सेवाग्राम एक्स्प्रेस वर्ध्यास उतरविते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण साठ दिवस आधी उघडते. पूर्वी ही मुदत एकशेवीस दिवसांची होती. म्हणजे नाताळच्या आठवड्यातील प्रवासासाठी ऑक्टोबरच्या अखेरीसच हात हलवावयास हवा, आणि परतीचे तिकीट त्याच दृष्टीने दिवस मोजून काढावयास हवे. दिवाळी झाल्यावर पाहू, असे म्हणणारे गृहस्थ पुढे प्रतीक्षायादीवर बसतात. कळंब हे लहान गाव आहे. तेथे शहरासारखी निवासस्थाने ओळीने उभी नाहीत. निघण्यापूर्वी मुक्कामाची खोली नक्की करावी, न्हाणीघर व पायऱ्या यांची चौकशी करावी. मनासारखी सोय न झाल्यास यवतमाळ किंवा वर्धा येथे बिऱ्हाड करून हाच बेत पार पाडता येतो.

आता वाटांविषयी. पहिली वाट मुळी दाराशीच आहे. चक्रवती नदीच्या काठी कळंबचे चिंतामणीचे देवालय आहे. विदर्भातील अष्टविनायकांत त्याची गणना होते, आणि गणेशपुराणातील कदंबपूर ते हेच असे भाविक मानतात. गौतम ऋषींच्या शापातून सुटण्यासाठी इंद्राने येथे गणेशाची आराधना केली, अशी कथा आहे. देवालयाचा विशेष असा की गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे आणि जवळच कुंड आहे. काही वर्षांच्या अंतराने कुंडाचे पाणी आपोआप चढते आणि मूर्तीच्या चरणांना लागून ओसरते, अशी या गावची श्रद्धा आहे.

वर कळस आणि खाली पायऱ्या उतरून देव, ही रचना मुलांना फार आवडते. परंतु येथेच बेत आखणाराने थांबून विचार करावा. घरातील आजी गुडघ्यांनी अधू असेल तर उतरणे एक वेळ जमते, चढणे जमत नाही. दर्शनासाठी सकाळची कमी गर्दीची वेळ निवडावी, सोबत एक धडधाकट माणूस फक्त तिच्यासाठी ठेवावा, आणि तिने वरूनच हात जोडण्याचे ठरविले तर तिला आग्रह करू नये. माघी गणेशजयंतीच्या सुमारास गणेशस्थानी यात्रेची गर्दी असते. ज्यांना यात्राच पाहावयाची असेल त्यांनी तेव्हा यावे, वडील माणसे घेऊन येणाऱ्यांनी मात्र ते दिवस टाळावे.

आठही विनायक एकाच खेपेस उरकण्याचा मोह पुष्कळांना होतो. कळंब, केळझर, नागपूरची टेकडी, अदासा, रामटेक, भंडाऱ्याजवळील मेंढा, पवनी आणि भद्रावती, असे ते चार-पाच जिल्ह्यांत विखुरलेले आहेत. तीन दिवसांत आठ ठिकाणे करणाऱ्यास देव क्षणभर दिसतो आणि डांबरी रस्ता दिवसभर. कळंब आणि वर्धा-नागपूर रस्त्यावरील केळझर ही दोन या खेपेस पुरेत. केळझर म्हणजेच महाभारतातील एकचक्रानगरी, येथेच भीमाने बकासुरास मारले, असे परंपरेने सांगतात. गाडाभर अन्न खाणाऱ्या राक्षसाची ती गोष्ट रस्त्यात सांगितली तर मुलांना देवालयाची ओढ आपोआप लागते.

दुसरी वाट वर्ध्याची, आणि तिला पुरा एक दिवस द्यावयास हवा. सेवाग्रामात गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी आले, तेव्हा त्या खेड्याचे नाव शेगाव होते. १९४० मध्ये ते सेवाग्राम झाले. आदी निवास बांधताना खर्च शंभर रुपयांच्या पलीकडे जाऊ नये, सामान व कारागीर आसपासचेच असावेत, अशी त्यांची अट होती. कुडाच्या भिंती, सारवलेली जमीन, आणि बसण्याची एक चटई! ज्या मुलांना स्वतंत्र खोली नसल्याची तक्रार असते त्यांना येथे मुकाट्याने बसू द्यावे. वडिलांनी त्यावर प्रवचन करू नये. १४ जुलै १९४२ रोजी इंग्रजांनी हा देश सोडावा असा ठराव काँग्रेसच्या कार्यकारिणीने वर्ध्यासच केला. शिक्षणाशी ज्यांचा संबंध आहे त्यांना वर्धा आणखी एका कारणाने जवळचे वाटते. ऑक्टोबर १९३७ मध्ये येथे भरलेल्या परिषदेतून नई तालीमची योजना निघाली, आणि तिला रूप देणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन हे होते. हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे हा तिचा गाभा. ती योजना देशाने पुरती आजमावली नाही, आणि आजमावल्यावाचूनच ती जुनी म्हणून बाजूस ठेवली, हे काही बरे झाले नाही.

परतताना धाम नदीच्या काठी पवनार येथे थांबावे. विनोबांचे वास्तव्य तेथे होते, १९५९ मध्ये त्यांनी तेथे ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले, आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी त्यांनी तेथेच देह ठेवला. आश्रमाची जमीन खणताना निघालेली प्राचीन शिल्पे तेथे जपून ठेविली आहेत. त्यांतील राम-भरत भेटीचे शिल्प पाहिल्यावाचून येऊ नये. संध्याकाळी नदीकाठी आजीला बसावयास पुष्कळ जागा आहे, आणि तेथे चढउतरही फारशी नाही.

तिसरी वाट वाघाची. टिपेश्वर हे पांढरकवड्याजवळचे अभयारण्य यवतमाळहून साठ-सत्तर किलोमीटरांवर आहे. १९९७ मध्ये घोषित झालेले, क्षेत्रफळ सुमारे १४८ चौरस किलोमीटर. लहान असले तरी वाघांनी भरलेले. वनविभागाच्या फेऱ्या सकाळी व दुपारी निघतात आणि जागा आधी राखून ठेवावी लागते, स्पेनमधील त्या राजवाड्याप्रमाणेच! कळंबहून सकाळची फेरी गाठावयाची तर मध्यरात्री उठावे लागेल; म्हणून कुटुंबास दुपारची फेरी बरी. आजीने त्या दिवशी कळंबला विश्रांती घ्यावी, आणि कोणी तरी एकाने आनंदाने मागे राहावे; तो कोणी एक दर वेळी गृहिणीच असू नये. वाघ दिसेलच असे नाही, हे मुलांना निघतानाच सांगावे. न दिसल्यास सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. याच रानातील एका तरुण वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ पट्टा बांधला होता. तो आपल्यासाठी रान शोधीत निघाला. शेते, नाले, रस्ते ओलांडीत, मध्येच तेलंगणात जाऊन पुन्हा महाराष्ट्रात आला, आणि १,३०० किलोमीटरांहून अधिक चालून त्या वर्षाच्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नकाशावर ही वाट मुलांकडून बोटाने काढून घ्यावी.

चौथी वाट माहूरची. यवतमाळहून सुमारे पाऊणशे किलोमीटर, आर्णीवरून, आणि पुढे पैनगंगा ओलांडून. साडेतीन शक्तिपीठांतील रेणुकेचे हे स्थान. शेजारी दत्तशिखर, अनसूयेचे शिखर आणि जुना किल्ला. पुष्कळ कुटुंबांची कुलदेवता हीच असल्यामुळे आजीच्या मनातील खरी यात्रा हीच असण्याचा संभव आहे, आणि ती ते आपण होऊन सांगणार नाही; तेव्हा बेताच्या आरंभीच तिला विचारावे. होकार मिळाल्यास माहूरला प्रथम स्थान द्यावे आणि बाकीच्या वाटा तिच्याभोवती बसवाव्या. शाळकरी मुले, चालती फिरती आजी आणि रजा मिळणारे आईवडील हा योग घरात फार वर्षे टिकत नाही. थोरला मुलगा दहावीत गेला की दोन वर्षे गेली, आणि तोपर्यंत गुडघे कोणासाठी थांबत नाहीत.

चिखलदरा या बेतात बसत नाही. गाविलगड, कॉफीचे मळे, मेळघाटचे रान, सारे पाहण्यासारखे खरे. पण त्यासाठी अमरावतीकडून स्वतंत्र यावे.

चार वाटांसाठी सात दिवस धरावे, चार नव्हे. वर्ध्यानंतर एक आणि टिपेश्वरनंतर एक, असे दोन दिवस कोरे ठेवावे. कोऱ्या दिवशी कोणी ओळखीचा शेतकरी असल्यास त्याच्या शेतावर जावे. पौषात ज्वारीचा हुरडा भाजला जातो. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे आणि सोबत वांग्याची भाजी हे वऱ्हाडचे खास जेवण. ते रांधणे बहुधा पुरुषांकडे असते, हा गृहिणीचा त्या दिवसापुरता लाभ. तिखट बेताने घालावयास आधी सांगावे, कारण शहरी जिभेला वऱ्हाडी तिखट सोसत नाही.

सामानात लोकरीचे कपडे हवेत, कारण रात्र थंड आणि दुपार ऊबदार असते. आजीची औषधे दोन ठिकाणी विभागून ठेवावी. मुलांजवळ एक वही असावी. वर्ध्याहून कळंबला येणाऱ्या गाडीची वेळ आदल्या दिवशी पुन्हा विचारून घ्यावी, आणि ती न जुळल्यास एस. टी. आहेच. परतीच्या दिवशी सकाळी काहीही ठरवू नये. त्या सकाळी बाजारातून संत्री घ्यावी, थोडी कच्चीच, म्हणजे घरी पोचेपर्यंत ती टिकतात.