कात्रीचे काम



मी कामगार चळवळीतला माणूस. माझे शिक्षण कारखान्याच्या दारात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. मी चित्रपटकलेवर काय बोलणार, असे आपणांस वाटेल. पण लोटे रायनिगर या बाईंची कथा मला मुळात हाताच्या कष्टाची कथा वाटते.

बाई १८९९ साली बर्लिनमध्ये जन्मल्या. काळ्या कागदातून आकृती कातरण्याचा त्यांना लहानपणापासून नाद. १९१८ साली हॅमेलिनच्या पुंगीवाल्यावरील चित्रपटात जिवंत प्राणी काही ऐकेनात. तेव्हा लाकडी उंदीर करून ते तसूतसूने सरकवण्यात आले. त्या कामात या बाई होत्या.

१९२३ साली जर्मनीत नोटांची रद्दी झाली. पैसा बुडू नये म्हणून लुई हागेन या बँकवाल्याने कच्ची फिल्म घेऊन ठेवली होती. ती त्याने बाईंना दिली आणि पॉट्सडामला आपल्या मोटारखान्यावरची जागाही दिली. तेथे तीन वर्षे काम चालले. पुठ्ठ्याच्या व शिशाच्या पत्र्याच्या आकृती करायच्या, त्यांचे सांधे तारेने जोडायचे, काचेवर मांडायच्या. खाली दिवा, वर कॅमेरा. आकृती केसभर हलवायची, एक चित्र टिपायचे, पुन्हा हलवायची. कॅमेरा त्यांचे पती कार्ल कॉख सांभाळीत. यातून राजपुत्र आख्मेदच्या साहसांचा, तासाभराहून थोडा मोठा चित्रपट उभा राहिला.

मे १९२६ मध्ये तो प्रथम दाखवला गेला तो बर्लिनच्या फोक्सब्यूने नाट्यगृहात. ते नाट्यगृह कामगारांनी पै-पै जमवून उभारलेले! डिस्नेची हिमगौरी आली १९३७ साली. आख्मेदच्या आधी अर्जेंटिनात असे चित्रपट निघाले होते, पण ते नष्ट झाले. आज शिल्लक असलेल्यांत हाच सर्वांत जुना.

हिटलर आल्यावर दोघांनी देश सोडला. पण कायमचा आसरा कुठे मिळेना. १९४४ साली आजारी आईसाठी बाई बर्लिनला परतल्या आणि त्याच राजवटीत त्यांना काम करावे लागले. हे झाकण्यात अर्थ नाही. पोटाची आणि मायेची ओढ आपण जाणतो. युद्धात चित्रपटाची मूळ फिल्म जळाली. लंडनच्या संग्रहातील प्रतीमुळे तो वाचला. १९४९ पासून बाई लंडनला राहिल्या आणि ऐंशीच्या घरात जाईपर्यंत कातरत राहिल्या. १९८१ साली त्या वारल्या.

आता माझा कबुलीजबाब. आमच्या एका संपात फलक रंगवले, भाकऱ्या भाजल्या, घरोघर निरोप पोचवले ते बायांनी. इतिवृत्त मी लिहिले. त्यात एकाही बाईचे नाव नाही. डिस्नेचे नाव पोराटोरांना ठाऊक आहे, रायनिगरचे नाही, याबद्दल मी कोणत्या तोंडाने तक्रार करू? ज्याच्यापाशी कारखाना त्याचे नाव राहते, हे मालकाचे गणित. पण आमच्या वहीतही तेच गणित मांडलेले निघाले.

घरी जाऊन मी ती वही काढणार आहे. त्यातल्या बऱ्याच जणी अजून हयात आहेत. नावे विचारून लिहायला उशीर झाला आहे; पण वेळ गेलेली नाही.