जुनी पण चपळ गाडी कशी पारखावी



संयोजकांनी सांगितलं, प्रत्येकाने आपल्या अनुभवातलं, सगळ्यांच्या उपयोगाचं काहीतरी बोलावं. मी सॉफ्टवेअरमधली, तेव्हा कॉम्प्युटरवर बोलेन असं सरांना वाटलं असेल. पण आपल्या ग्रुपवर मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न वेगळाच आहे. ‘पाच लाखांच्या आत चांगली सेकंड हँड गाडी कोणती घेऊ?’ आणि लगेच पुढचं वाक्य, ‘पोरगं म्हनते, पिकअप पाहिजे.’ मी आजवर जुन्याच गाड्या घेतल्या, रोज ऑफिसला चालवल्या आणि पुण्याहून बीबीपर्यंत आणल्या. म्हणून त्यावरच बोलते.

आधी पैशाचं बोलू. सोयाबीनला क्विंटलमागे पाच हजार भाव धरला, तर पाच लाख म्हणजे शंभर क्विंटल सोयाबीन. एवढं धान्य आपण कुणाच्या गोड बोलण्यावर देऊन टाकणार नाही. मग गाडीही तशी घेऊ नये.

पोरं ‘स्पोर्टी’ म्हणतात तेव्हा त्यांना मोठी चाकं, काळी काच आणि आवाज करणारा सायलेन्सर दिसतो. माझ्या मते चपळ गाडी म्हणजे वजनाला हलकी, स्टिअरिंग वळवताच वळणारी, वळणावर न झुलणारी, दाबताच थांबणारी आणि ओव्हरटेक करताना दम असलेली. आपला रस्ता डोळ्यांसमोर आणा. मेहकर, सुलतानपूर, बीबी, दुसरबीड, सिंदखेडराजा. पुढे कापसाचा ट्रक, समोरून एसटी. अशा वेळी गाडी ताशी 180 पळते की नाही याला काही किंमत नाही. 40 वरून 80 ला ती किती लवकर पोचते, याला किंमत आहे. ट्रकच्या शेजारी उघड्यावर राहण्याचा वेळ जितका कमी, तितका धोका कमी. म्हणून चांगला पिकअप मागणाऱ्या पोराला मी वेडं म्हणत नाही.

पण दुसरी बाजूही त्याला सांगा. आता आपल्या भागातून समृद्धी महामार्ग जातो. 701 किलोमीटरचा रस्ता, सपाट भागात कारसाठी वेगमर्यादा ताशी 120. विज्ञानाच्या तासाला आपण गतिज ऊर्जेचं सूत्र पाठ केलं होतं, त्यात वेगाचा वर्ग असतो. 80 वरून 120 म्हणजे वेग दीडपट, पण ऊर्जा सव्वादोनपट. तेवढी ऊर्जा ब्रेकने आणि टायरने जिरवायची असते. 120 च्या वेगात गाडी एका सेकंदात 33 मीटर जाते. मोबाइलकडे दोन सेकंद पाहिलं, तर सहासष्ट मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर खासगी बस पेटून 25 माणसं गेली. तो रस्ता आपल्या दारातला आहे. तेव्हा ज्या गाडीचे ब्रेक आणि टायर धड नाहीत, तिचा पिकअप चांगला असणं हा उलट तोटाच आहे.

आता गाड्यांची नावं. मारुती स्विफ्ट आपल्याकडे 2005 मध्ये आली. फेब्रुवारी 2018 ची तिसरी पिढी वजनाला पावणेनऊशे किलोच्या आसपास आणि ताकदीला 83 पीएस. म्हणजे एका टनामागे सुमारे 95 पीएस, आणि त्यामुळे गाडी हलकीफुलकी वाटते. सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात, मेकॅनिकला ती पाठ आहे. पण हलकेपणाची किंमतही असते. ग्लोबल एनकॅपच्या 2018 च्या धडक चाचणीत तिला दोनच तारे मिळाले.

दुसरी, चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो. 2020 नंतरची एक लिटर टर्बो पेट्रोल 110 पीएसची. बांधा भक्कम, 120 च्या वेगाला रस्ता धरून चालते. दोन एअरबॅगवाल्या पोलोला 2014 च्या चाचणीत चार तारे होते. मात्र तिचं उत्पादन 2022 मध्ये थांबलं. कामासाठी मोठ्या शहरापर्यंत जायची तयारी असेल तरच घ्या. दोन क्लचच्या ऑटोमॅटिकपेक्षा साध्या गिअरची बरी, कारण तो गिअरबॉक्स बिघडला तर खर्च मोठा येतो.

तिसरी, टाटा अल्ट्रोझ. 2020 च्या चाचणीत पाच तारे. साध्या पेट्रोलमध्ये ती शांत गाडी आहे, 2021 च्या टर्बोमध्ये 110 पीएस मिळतात. जास्त फिरणाऱ्याला डिझेल हवं असेल, तर फोर्ड फिगोची दीड लिटरची गाडी 100 पीएसची होती आणि आजही तिचा ओढा थक्क करतो. पण फोर्डने भारतातलं उत्पादन बंद करण्याची घोषणा 2021 मध्ये केली, हे ध्यानात ठेवून भाव करा.

माझा कल विचाराल तर सांगते. गावात, तालुक्याला आणि क्वचित जालन्याला जायचं असेल तर स्विफ्ट. दर पंधरवड्याला पोरांना घेऊन समृद्धीवर चढायचं असेल तर अल्ट्रोझ किंवा पोलो. आणि कोणतीही असो, शक्यतो 2019 नंतरची घ्या. त्या वर्षी एबीएस आणि चालकाची एअरबॅग सगळ्या नव्या कारना सक्तीची झाली.

गाडी तपासायची कशी? आपल्या वडीलधाऱ्यांनी बाजारात बैल पारखलेला तुम्ही पाहिला आहे. दात पाहायचे, चालवून पाहायचं, खांदा चाचपायचा आणि पावती घ्यायची. याच क्रमाने जाऊ.

दात म्हणजे वय आणि झालेली धाव. मीटर मागे फिरवणं आता अवघड राहिलेलं नाही, म्हणून मीटरवर नुसता विश्वास ठेवू नका. टायरच्या कडेला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. गाडी 2018 ची, मीटरवर पंचवीस हजार किलोमीटर, आणि चारही टायर 2022 चे? मग पहिले टायर इतक्या लवकर का बदलले, हे विचाराच. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालं आहे का, स्टिअरिंग चकचकीत झालं आहे का, तेही पाहा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली नोंद मागा. प्रत्येक वेळी किती किलोमीटर होते, ते तिथे लिहिलेलं असतं.

चाल पाहायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगून ठेवा, की गाडी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन खरं बोलतं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतं आहे. चालवताना एकदा रिकाम्या, सरळ रस्त्यावर मागे कुणी नाही हे पाहून जोरात ब्रेक दाबा. गाडी एका बाजूला ओढता कामा नये. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी तीसच्या वेगाने चालत असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज वाढला पण वेग वाढला नाही, तर क्लच गेला. खराब रस्त्यावर काचा खाली करून, रेडिओ बंद ठेवून चालवा, म्हणजे सस्पेन्शनची खडखड ऐकू येईल. आणि एसी वीस मिनिटं लावा. आपल्या मे महिन्याला ती चैन राहिलेली नाही.

खांदा म्हणजे सांगाडा. ठोकलेली गाडी रंगाने झाकता येते, पण बोनेट आणि दरवाजांच्या बोल्टवर पान्याच्या खुणा राहतात. काचांवर बनावटीचं साल असतं. एकाच काचेचं साल वेगळं असेल तर ती का फुटली, ते विचारा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. पुराचं पाणी शिरलेल्या गाडीत तिथे चिखलाची रेघ सापडते. 2019 ला सांगली-कोल्हापूर आणि 2021 ला चिपळूण पाण्यात गेलं होतं, तेव्हा हे तपासणं वेळ घालवणं नाही. एवढं करूनही सौदा पक्का करण्याआधी आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला पैसे देऊन गाडी दाखवा. विकणाऱ्याच्या ओळखीचा मेकॅनिक नको.

आता पावती, म्हणजे कागद. ‘आधी गाडी न्या, नाव नंतर चढवू’ हे वाक्य कुणी उच्चारलं की सावध व्हा. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर एनओसी. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात दिसतात. पण इथला रोड टॅक्स आणि नव्याने नोंदणीचा खर्च मिळवला की स्वस्ताई बरीचशी विरघळते.

आणि आपल्यापैकी जे गाडी विकणार आहेत, त्यांनी तर हे नीट ऐकावं. 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. त्या प्रकरणात गाडी हातोहात पुढे विकली गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या पहिल्या मालकावर आली. तुम्ही गाडी विकली, पैसे खर्चून टाकले, आणि तीन वर्षांनी नोटीस दारात! विम्याचंही तसंच. पॉलिसी चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यायची. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस मात्र आपल्याला मिळत नाही, तो हिशेबात धरू नका.

हिशेबाचा एकच नियम सांगते. खिशात पाच लाख असतील तर गाडी सव्वाचारच्या आत शोधा. उरलेल्या पैशांत पहिल्याच महिन्यात चार चांगले टायर, ब्रेक पॅड, सगळी ऑइल, बॅटरी, विमा आणि ट्रान्सफर. अलॉय व्हील आणि म्युझिक सिस्टीम त्यानंतर. पोरगं रुसेल, रुसू द्या.

शेवटी दोन शब्द मैत्रिणींसाठी. आपल्यातल्या कितीतरी जणी पायी किंवा एसटीने शाळेत आल्या, आणि आज घरात गाडी असून शेजारच्या सीटवर बसतात. जुनी, छोटी, चपळ गाडी शिकायला सगळ्यात चांगली. ओरखडा पडला तरी जीव कासावीस होत नाही, आणि गल्लीत सहज वळते. जमेल तिने गाडी स्वतःच्या नावावर घ्यावी. लोणारला दवाखान्यात जायचं असो की माहेरी, कुणाला वेळ आहे का हे विचारत बसावं लागत नाही. चाळिशीत आपल्याला मिळालेली ही मोकळीक मला कुठल्याही पिकअपपेक्षा मोठी वाटते.

कुणाला गाडी पाहायला सोबत हवी असेल तर सुट्टीत मी बीबीत असते. मेकॅनिकचे पैसे तुमचे, चहा माझा.